वृद्धांच्या विस्मरणामागे मेंदूच्या रक्तवाहिन्या आहेत का, हे कसे ओळखावे आणि पुढे काय करावे

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपल्याकडे इतकी सहज वापरली जाते की घरातील वृद्ध माणूस हिशेबात चुकू लागला, बोलताना शब्द शोधू लागला किंवा दिवसभर खुर्चीत नुसता बसून राहू लागला, तरी 'वय झाले' एवढ्यावर चौकशी संपते. वयाबरोबर विचारांचा वेग थोडा मंदावतो हे खरे आहे. परंतु औषधे, पैसे, स्वयंपाक, प्रवास यांसारखे रोजचे व्यवहार स्वतःच्या बळावर करता न येणे हा वयाचा परिणाम नसून आजार असतो आणि त्याला स्मृतिभ्रंश म्हणतात. भारतातील ६० वर्षांवरील लोकांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लाख व्यक्तींना तो असावा, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी पाहणीतून मांडला गेला. त्यातील अल्झायमर हे नाव आता बहुतेकांना ठाऊक झाले आहे. त्याखालोखाल आढळणारे कारण म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा बिघाड, आणि त्याविषयी मात्र घरोघरी फारच कमी बोलले जाते. या प्रकारात गमावलेली क्षमता सहसा पूर्णपणे परत येत नाही, परंतु पुढचे नुकसान बऱ्याच अंशी अडवता येते आणि ते अडवण्याचे बहुतांश काम रुग्णालयात नव्हे, तर घरातच होते. म्हणून पुढील मार्गदर्शन प्रामुख्याने कुटुंबीयांसाठी लिहिले आहे.

मेंदूत काय घडते

मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के असते, पण हृदयातून निघालेल्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा त्याला लागतो. हा पुरवठा काही मिनिटे जरी पूर्ण थांबला तरी तेथील पेशी मरू लागतात. मोठी रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली की अर्धांगवायूचा झटका येतो आणि तो सर्वांना दिसतो. पहिल्या झटक्यानंतर साधारण दहापैकी एका रुग्णाला लवकरच नव्याने स्मृतिभ्रंश होतो; झटका पुन्हा आला की हे प्रमाण एक तृतीयांशाच्या वर जाते. केवळ या दोन आकड्यांवरूनही दुसरा झटका टाळणे किती मोलाचे आहे हे कळावे.

परंतु वृद्धांमध्ये अधिक फसवा असतो तो लहान रक्तवाहिन्यांचा आजार. मेंदूच्या पृष्ठभागाखाली खोलवर जो पांढरा भाग असतो, तो मेंदूच्या निरनिराळ्या केंद्रांना जोडणाऱ्या तंतूंचा बनलेला असतो आणि त्याला रक्त पुरवणाऱ्या धमन्या केसासारख्या बारीक व लांब असतात. कालव्याच्या शेवटच्या टोकाला असलेल्या शेताला पाण्याची टंचाई सर्वांत आधी जाणवते, तशीच या भागाची स्थिती असते. वर्षानुवर्षांचा उच्च रक्तदाब आणि मधुमेह यांमुळे या धमन्यांच्या भिंती जाड व ताठ होतात, रक्तप्रवाह घटतो आणि कोठे पंधरा मिलिमीटरपेक्षाही लहान असे मृत ठिपके तयार होतात, तर कोठे तंतूंचे आवरण हळूहळू झिजत जाते. यातील अनेक ठिपके पडताना हात लुळा पडत नाही की तोंड वाकडे होत नाही. रुग्णाला झटका आला हे ना त्याला कळते, ना घरच्यांना. स्विस डॉक्टर ओटो बिन्सवांगर यांनी या पांढऱ्या भागाच्या झिजेचे वर्णन १८९४ मध्येच केले होते.

आणखी काही वाटा आहेत. एखादा छोटाच ठिपका थॅलॅमससारख्या मोक्याच्या जागी पडला तर एका दिवसात माणूस बदललेला दिसतो. धमन्यांच्या भिंतींत अमायलॉइड नावाचे प्रथिन साचल्यास त्या ठिसूळ होऊन वारंवार रक्तस्राव होऊ शकतो. क्वचित नॉच-३ या जनुकातील दोषामुळे हा आजार घराण्यात चालतो. चाळिशी-पन्नाशीतच झटके येणारी आणि अर्धशिशीचा त्रास असणारी माणसे एकाच कुटुंबात असतील तर ही शक्यता डॉक्टरांच्या कानावर घालावी. सत्तरी-ऐंशीच्या वयात मात्र अल्झायमर आणि रक्तवाहिन्यांचा बिघाड हे दोन्ही एकाच मेंदूत असणे अगदी नेहमीचे आहे, त्यामुळे 'हे की ते' असा वाद घालत बसण्यात अर्थ नाही.

घरात काय पाहावे

अल्झायमरमध्ये बहुधा अलीकडच्या घटना प्रथम पुसल्या जातात. रक्तवाहिन्यांच्या आजारात, विशेषतः लहान धमन्यांच्या, सुरुवातीला स्मरणशक्ती बऱ्यापैकी टिकून असते. ढासळतात ते वेग, आखणी आणि पुढाकार. पुरणपोळीची कृती आजी तोंडाने अचूक सांगते, पण डाळ शिजत घालून कणीक भिजवणे आणि मधेच आलेल्या पाहुण्यांशी बोलणे हे एकत्र जमत नाही. सेवानिवृत्त कारकून असलेले आजोबा बेरीज बरोबर करतात, परंतु तिला पूर्वीच्या कितीतरी पट वेळ घेतात. काल कोण आले होते हे आठवत नाही, पण 'नाशिकहून आले होते' एवढे सुचवले की नाव लगेच ओठांवर येते. सुचवल्यावर आठवणे ही महत्त्वाची खूण आहे, कारण तेथे साठवण शाबूत असून शोधण्याची यंत्रणा मंदावलेली असते.

माझ्या मते कुटुंबीयांनी स्मरणशक्तीपेक्षाही अधिक बारकाईने पाहावी ती चाल. पावले लहान पडू लागणे, पाय फरफटणे, चप्पल पायातून निसटणे, वळताना तोल जाणे, कारण नसताना पडणे आणि त्याबरोबरीने लघवीची अनावर घाई ही लक्षणे विस्मरणाच्या आधी किंवा सोबतच दिसली, तर रक्तवाहिन्यांचा संशय बळावतो. ही तक्रार घेऊन घरचे लोक गुडघ्यांच्या डॉक्टरांकडे आणि प्रोस्टेटच्या डॉक्टरांकडे वेगवेगळे जातात आणि दोन्ही गोष्टी एकत्र कोणी पाहतच नाही. क्षुल्लक कारणाने रडू किंवा हसू कोसळणे आणि ते आवरता न येणे, आवडीच्या गोष्टींतले लक्ष उडणे, संध्याकाळनंतर गोंधळ वाढणे हीही लक्षणे लक्षात घ्यावीत. आळशीपणा आणि हट्टीपणा हे शब्द घरात ज्याला लावले जातात, त्यात मेंदूच्या पुढच्या भागाशी जोडणाऱ्या तंतूंची हानी अनेकदा दडलेली असते.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वीची तयारी

तपासणीच्या खोलीत मिळणारी दहा-पंधरा मिनिटे 'सगळेच विसरतात हो' अशा वाक्यांत संपू नयेत, यासाठी आधी एका वहीत काळाचा क्रम लिहून काढावा. बदल प्रथम केव्हा जाणवला, तो एकाएकी की हळूहळू, नंतर काही काळ स्थिर राहून पुन्हा एक पायरी खाली आला काय, मधे पडणे, चक्कर, बोबडे बोलणे, एक हात जड होणे असे काही घडून आपोआप बरे झाले होते काय, हे तारखांसह नोंदवावे. तारीख आठवत नसेल तर सणांचा आधार घ्यावा: 'गणपतीपर्यंत स्वतः बँकेत जात होते, दिवाळीत जाणे थांबले' ही नोंद डॉक्टरांना पुरेशी असते. व्लादिमीर हचिन्स्की यांच्या नावाने ओळखली जाणारी, १९७५ पासून वापरात असलेली गुणपद्धत याच प्रकारच्या माहितीवर उभी आहे. तिच्यात अचानक सुरुवात, चढउतार आणि पूर्वीचा झटका यांना प्रत्येकी दोन गुण, तर पायरीपायरीने घसरण व उच्च रक्तदाब यांना प्रत्येकी एक गुण आहे. एकूण सात किंवा अधिक गुण रक्तवाहिन्यांकडे आणि चार किंवा कमी गुण अल्झायमरकडे बोट दाखवतात. दोन्ही आजार एकत्र असतील तेव्हा ही पद्धत कमी पडते, म्हणून घरी गुण मोजून निदान करू नये. प्रश्नांचा क्रम तेवढा तिच्यावरून घ्यावा.

सोबत सर्व औषधे प्रत्यक्ष पिशवीत घालून न्यावीत, चिठ्ठ्या नव्हे. झोपेच्या गोळ्या, सर्दी-खाजेवरच्या काही जुन्या गोळ्या, लघवीच्या घाईवरची काही औषधे यांनीही वृद्धांची बुद्धी मंदावते आणि ती बदलली की सुधारणा दिसू शकते. रोजचा सहवास असलेली व्यक्ती बरोबर असावी. परदेशी राहणारा मुलगा दूरध्वनीवर पाच मिनिटे बोलतो तेव्हा आई बहुधा व्यवस्थितच बोलते. त्याच्या मतापेक्षा रोज घरात येणाऱ्या मावशींचे निरीक्षण जास्त उपयोगी ठरते.

तपासण्या आणि त्यांचे अहवाल

डॉक्टर प्रश्नोत्तरांची एक चाचणी घेतात. मोका ही ३० गुणांची चाचणी आखणी आणि लक्ष यांची परीक्षा घेत असल्यामुळे या आजारात अधिक उपयोगी पडते. घड्याळाचे चित्र काढणे हा तिचाच एक भाग आहे. ज्या आजींचे शिक्षण दोन-चार इयत्तांवर थांबले, त्यांचे गुण शिक्षणाचा विचार करूनच वाचले पाहिजेत, नाहीतर निरोगी व्यक्तीही आजारी ठरते. चष्मा आणि श्रवणयंत्र लावूनच चाचणीला बसवावे.

रक्ताच्या तपासण्यांत साखर, चरबी, मूत्रपिंडाचे कार्य, हिमोग्लोबिन, सोडियम, थायरॉइड आणि ब जीवनसत्त्व १२ यांचा समावेश असावा. शाकाहारी घरांत, तसेच दीर्घकाळ मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या घेणाऱ्यांत हे जीवनसत्त्व कमी आढळते आणि ती उणीव भरून काढता येते. हृदयाचा आलेख काढून ठोके अनियमित आहेत काय हे पाहतात, कारण एट्रियल फिब्रिलेशन या अनियमित ठोक्यांच्या विकारात हृदयात गुठळ्या तयार होऊन त्या मेंदूकडे जाऊ शकतात. ठोक्यांची अनियमितता कधीकधीच होत असेल तर चोवीस तासांची किंवा त्याहून लांब नोंद घ्यावी लागते. मानेतील धमन्यांची डॉप्लर तपासणीही गरजेनुसार सांगितली जाते.

एमआरआय हा निदानाचा मुख्य आधार आहे. सीटी स्कॅनमध्ये मोठे झटके आणि रक्तस्राव दिसतात, परंतु बारीक ठिपके निसटतात. पूर्वीचे सूक्ष्म रक्तस्राव दाखवणारे खास चित्रण एमआरआयच्या वेळीच करून घेता येते. रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांचा निर्णय त्यावर अवलंबून असू शकतो, म्हणून ते होणार आहे काय असे आधीच विचारावे. पेसमेकर असल्यास ते नोंदणीच्या वेळीच सांगावे.

अहवाल हातात आल्यावर घाबरण्याची चूक बहुतेक कुटुंबे करतात, तर उरलेली त्याकडे दुर्लक्ष करतात. पांढऱ्या भागातील बदल फॅझेकास श्रेणीत शून्य ते तीन असे मोजले जातात. पहिल्या श्रेणीत सुटे ठिपके असतात आणि सत्तरीनंतर ते अनेक निरोगी लोकांतही दिसतात, त्यामुळे तेवढ्यावरून स्मृतिभ्रंशाचे कारण सापडले असे म्हणता येत नाही. दुसऱ्या श्रेणीत ठिपके एकमेकांत मिसळू लागतात. तिसऱ्या श्रेणीत मोठे पट्टे पसरलेले असतात आणि मंद चाल, मंद विचार यांचा त्यांच्याशी संबंध जोडणे बहुधा योग्य ठरते. 'लॅक्युनर इन्फार्क्ट' म्हणजे बारीक धमनी बंद पडल्यामुळे झालेला जुना ठिपका. त्याला घरात 'मेंदूत गाठ' म्हणू नये, कारण त्या शब्दाने सगळे जण कर्करोगाच्या भीतीने हादरतात.

पुढची हानी अडवणे

येथे सर्वांत आधी रक्तदाब. दंडावर पट्टा बांधायचे स्वयंचलित यंत्र घ्यावे, मनगटाचे नको. मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकलेली, पावले जमिनीवर आणि दंड हृदयाच्या पातळीत असावा. अर्धा तास आधी चहा आणि तंबाखू टाळावी व लघवीला जाऊन यावे. मिनिटभराच्या अंतराने दोन वाचने, सकाळी औषधापूर्वी आणि संध्याकाळी, असे सलग सात दिवस नोंदवून सरासरी काढावी. घरची सरासरी १३५/८५ च्या वर असेल तर डॉक्टरांना दाखवावी. शक्य झाल्यास उभे राहिल्यावर एक आणि तीन मिनिटांनीही रक्तदाब मोजावा: वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने घसरत असेल तर औषधांची मात्रा किंवा वेळ बदलावी लागू शकते, कारण मेंदूला रक्त कमी पडणे आणि पडून डोक्याला मार लागणे हे दोन्ही धोके त्यात आहेत.

रक्तदाब किती खाली आणावा, याबाबत स्प्रिंट माइंड या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीचा उल्लेख आवश्यक आहे. पन्नाशीपुढच्या नऊ हजारांहून अधिक लोकांत वरचा आकडा १२० च्या खाली ठेवलेल्यांना, १४० चे लक्ष्य ठेवलेल्यांच्या तुलनेत, सौम्य बौद्धिक घट सुमारे १९ टक्क्यांनी कमी झाली. प्रत्यक्ष स्मृतिभ्रंशातील घट मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीवर सिद्ध झाली नाही. शिवाय मधुमेही आणि पूर्वी झटका आलेले लोक त्या चाचणीत नव्हते. म्हणून मजबूत प्रकृतीच्या सत्तरीतील व्यक्तीला एक लक्ष्य आणि पंच्याऐंशीच्या, वारंवार पडणाऱ्या कृश व्यक्तीला दुसरे, हे डॉक्टरांनीच ठरवणे उचित आहे.

प्रत्यक्षात घोटाळा लक्ष्याचा नसून सातत्याचा असतो. 'बीपी नॉर्मल आले' म्हणून गोळी बंद करणारे लोक हे विसरतात की ते गोळीमुळेच नॉर्मल आले होते. प्रवासाला निघताना, तीर्थयात्रेत, लग्नघरात लघवी वाढवणारी गोळी मुद्दाम चुकवली जाते. तिची वेळ बदलता येते काय हे विचारणे हा खरा उपाय आहे. आठवड्याचा कप्प्यांचा डबा घरातील दुसऱ्या व्यक्तीने भरावा आणि गोळी तोंडात गेल्याची खात्री करावी, कारण विसरणाऱ्या माणसाकडे विसरू नये अशा औषधाची जबाबदारी सोपवणे योग्य नव्हे. मिठाची मर्यादा दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे साधारण एक चहाचा चमचा, आणि त्यात पापड, लोणचे, खारवलेली सुकी मासळी, शेव-फरसाण हे सर्व आले.

मधुमेहात साखर फार वाढणे वाईटच, पण वृद्धांत ती फार उतरणे त्याहून तातडीचे संकट ठरते. एकादशीला किंवा चातुर्मासात आजी उपवास करतात आणि गोळी मात्र नेहमीचीच घेतात. अशा दिवशी काय करायचे हे आधीच लिहून घ्यावे. तंबाखूच्या बाबतीत विडी-सिगारेटपुरताच विचार करू नये, कारण दातांना लावायची मशेरी हीसुद्धा तंबाखूच आहे, आणि ती लावणारी बाई स्वतःला व्यसनी समजत नसल्याने डॉक्टरांच्या प्रश्नाला 'काही नाही' असे उत्तर देते. मोठ्याने घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे याचीही तपासणी करून घ्यावी. रोज अर्धा तास चालणे, ऐकू कमी येत असल्यास श्रवणयंत्र आणि माणसांत मिसळणे या गोष्टींचा फायदा रक्तवाहिन्या आणि मेंदू या दोघांनाही होतो.

औषधांबद्दल

या आजारासाठी 'स्मरणशक्ती परत आणणारी' गोळी अस्तित्वात नाही. डोनेपेझिल किंवा मेमॅन्टिन या अल्झायमरच्या औषधांचा उपयोग शुद्ध रक्तवाहिनीजन्य प्रकारात अल्प असतो. अल्झायमरही सोबत असेल तेव्हा ती देणे अधिक सयुक्तिक ठरते. दुकानातील महागडी ब्रेन टॉनिके विकत घेण्यापेक्षा तो पैसा रक्तदाबाच्या यंत्रावर खर्च करणे केव्हाही शहाणपणाचे आहे. गुठळीमुळे झटका आला असल्यास ॲस्पिरिन किंवा तत्सम गोळी आणि स्टॅटिन (रक्तातील चरबी कमी करणारी गोळी) बहुधा कायम द्यावी लागते. एट्रियल फिब्रिलेशन असेल तर ॲस्पिरिन पुरत नाही. तेथे वेगळ्या प्रकारची रक्त पातळ करणारी औषधे लागतात. उलट मेंदूत रक्तस्राव होऊन गेलेल्या व्यक्तीला शेजाऱ्याच्या सल्ल्याने ॲस्पिरिन सुरू करणे घातक ठरू शकते. वॉरफेरिन ही रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर पालेभाजी बंद करण्याची गरज नसते, पण ती दर आठवड्याला साधारण सारख्याच प्रमाणात खावी.

रोजचा सांभाळ

अशा माणसाला एका वेळी एकच काम आणि एकच प्रश्न द्यावा, आणि उत्तरासाठी थांबावे. आपल्याला अस्वस्थ करणाऱ्या शांततेत त्याचे उत्तर तयार होत असते. 'ओळखा पाहू मी कोण?' हा प्रत्येक पाहुण्याचा आवडता प्रश्न बंद करावा आणि आल्याबरोबर स्वतःचे नाव सांगावे. न्हाणीघरात आधारदांडी, रात्री वाटेवर दिवा आणि मागून बंद असलेली पादत्राणे एवढ्याने पडण्याचे बरेच प्रसंग टळतात. पाणी किंवा चहा पिताना ठसका लागत असेल तर गिळण्याची तपासणी करून घ्यावी, अन्यथा अन्न फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. उदासी दिसली तर तिच्यावर स्वतंत्र उपचार करता येतात. बँक, मृत्युपत्र आणि मुखत्यारपत्र यांचे व्यवहार निर्णयक्षमता शाबूत असतानाच उरकावेत, आणि मुखत्यारपत्र पुढे कितपत चालेल हे वकिलाला विचारून घ्यावे. ज्येष्ठ नागरिकांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी माहितीसाठी वापरता येते.

एकाएकी बिघडल्यास

तोंड एका बाजूला वाकडे होणे, एक हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, एकाएकी दिसेनासे होणे किंवा तोल जाणे, यांपैकी काहीही घडले तर १०८ वर फोन करावा आणि माणूस शेवटचा ठीक केव्हा दिसला होता ती वेळ लिहून ठेवावी, कारण गुठळी विरघळवणारे इंजेक्शन बहुधा साडेचार तासांच्या आतच देता येते. लक्षणे दहा मिनिटांत निघून गेली तरी रुग्णालयात जावे. घरी रक्तदाबाची जादा गोळी, ॲस्पिरिन किंवा पाणी देऊ नये, कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नये, आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयातच न्यावे.

दोन-तीन दिवसांत वाढलेला गोंधळ, बडबड किंवा सुस्ती ही बहुतेक वेळा मूळ आजाराची पुढची पायरी नसते. लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, लघवी तुंबणे, बद्धकोष्ठ, शरीरातील पाणी अथवा सोडियम कमी होणे, नवीन औषध, साखर उतरणे ही कारणे प्रथम तपासावीत, कारण ती दूर केल्यावर माणूस बऱ्याच अंशी पूर्ववत होऊ शकतो. मागील काही आठवड्यांत पडणे झाले असेल, मार किरकोळ वाटला असेल आणि विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर कवटीखाली हळूहळू रक्त साचलेले असू शकते. त्या पडण्याचा उल्लेख डॉक्टरांकडे आवर्जून करावा आणि सीटी स्कॅन लागेल काय, असे स्पष्टपणे विचारावे.